देवाच्या हातची पिकोलो

उद्या सकाळी दहाला मुंबईत निवडचाचणी होती आणि नमिताची पिकोलो घरात नव्हती. कपाट झालं, पलंगाखाली वाकून झालं, शेवटी तांदळाच्या डब्यातही हात घालून झाला. पिकोलो म्हणजे पाश्चात्त्य बासरीचं शेंडेफळ. लांबी दीड वीत, काळं लाकूड, वर चांदीच्या कळा आणि आवाज असा, की रामवाडीतली कुत्री माना वर करून साथीला बसत. म्हणून शेजाऱ्यांवर दया करून नमिता वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात रियाज करी. गणपतींची कधी तक्रार नसे.

पंधरा वर्षं तिनं बासरी वाजवली होती, पेणच्या पोरांना शिकवली होती, आणि लग्नाच्या हॉलात “जरा हळू वाजवा, जेवणं चाललीत” हेही ऐकून घेतलं होतं. मुंबईच्या एका वाद्यवृंदात आता पिकोलोची जागा निघाली होती. एकच जागा. आधीचा वाजवणारा निवृत्त झाल्याशिवाय असल्या जागा निघत नाहीत, आणि पिकोलोवाल्यांचा दम फार मोठा असतो.

“अण्णा, माझी काळी बासरी पाहिलीत का? काल पुसून इथंच फळीवर ठेवली होती बहुतेक.”

कारखान्यात तिचे वडील, पुंडलिकअण्णा, एका उंदराचे डोळे रंगवत होते. त्यांचा ब्रश थांबला. “चांदीची बटनं हायत ती?”

“हो.”

“ती रोह्याच्या इंदुबाईंची ना गो?”

झालं होतं ते असं. गिऱ्हाइकं आपापल्या देवाचे दागिने पिशवीत घालून, नावाची चिठ्ठी लावून कारखान्यात पाठवत. इंदुबाईंनी यंदा मुरलीधराच्या रूपातला गणपती सांगितला होता आणि बासरी आपण पाठवू असं कळवलं होतं. पिशवीत मुकुट निघाला, हार निघाला, बासरी काही निघाली नाही. ती शेजारीच फळीवर दिसली. पिशवीतून घरंगळली असणार, असं ठरवून अण्णांनी ती शाडूच्या दोन गोळ्यांनी देवाच्या हातात पक्की बसवली. पुढे हायवेला गर्दी होते म्हणून मूर्ती चार दिवस आधीच, आज सकाळी, टेम्पोतून रोह्याला रवाना झाली होती.

“मग फोन करा ना त्यांना.”

“त्यांचाच आला व्हता मघाशी,” अण्णा पडेल आवाजात म्हणाले. “म्हनाल्या, बासरी पाठवायची मी इसरले, तर तुम्ही पदरची दिलीत. सगळी आळी बघून गेली म्हने.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, असू दे, असू दे.”

बाप-लेक स्कूटरवर निघाले. वडखळच्या कोंडीत नमिताला युक्ती सुचली. “अण्णा, सोपं आहे. मी रोज तोंडाला लावते म्हणून सांगते. उष्टी वस्तू देवाजवळ कोण ठेवील? लगेच देतील.”

“तेवढं बोलू नको गो. पुंडलिक देवाला उष्टं देतो, असं कोलाडपर्यंत व्हईल. चाळीस वर्सांचं नाव हाय.”

नमितानं शब्द दिला.

रोह्यात इंदुबाईंनी चहा केला, चिवडा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “देवाच्या हातात गेलेलं आम्ही काढीत नाय.”

“काकू, उद्या परीक्षा आहे माझी. मी याहून छान बासरी आणून देते.”

“मंग ती छानवाली परीक्षेला ने.”

आता एकच उत्तर उरलं होतं, उष्टेपणाचं. ते जिभेच्या टोकावर होतं. नमितानं अण्णांच्या नखांत बसलेल्या रंगाकडे पाहिलं आणि तो शब्द गिळला. पंधरा वर्षं गेली तर गेली, बापाची चाळीस तरी राहू देत, असं तिला मनापासून वाटलं. “चला अण्णा,” ती म्हणाली.

अण्णा उठले नाहीत. “इंदुबाई, ती उष्टी हाय,” ते बशीकडे बघत म्हणाले. “पोर रोज वाजवते. चूक माझी. काय बोलायचं ते मला बोला.”

इंदुबाईंनी चष्मा पुसला, मूर्तीजवळ जाऊन पिकोलो नीट न्याहाळली. “रोज वाजवते?”

“चार-चार तास,” नमिता म्हणाली.

“मंग तर मुळीच देनार नाय. कृष्णाची बासरी उष्टी नाय तर काय सोवळी आसंल? न वाजवलेली ती नुसती काठी.”

अण्णांनी आ वासला. चाळीस वर्षांचं नाव पणाला लावून त्यांनी पिकोलोचा भाव आणखी वाढवून ठेवला होता. नमिताला हसू फुटलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. ते पाहून इंदुबाई गडबडल्या.

“रडतेस कशाला गो? नोकरी लागंल का याच्यानं?”

“लागली तर लागेल.”

“मंग ने. पन चतुर्थीला सकाळी देवाच्या हातात पायजे. आनि दर वर्सी. शब्द दे.”

नमितानं शब्द दिला. आज शब्द देण्याचाच दिवस होता. दुसऱ्या दिवशी दहाला तिनं पिकोलो तोंडाला लावली, तेव्हा आधी चिमूटभर शाडू उडाला आणि मग सूर निघाला. तिची निवड झाली.

चतुर्थीला सकाळी ती अण्णांना घेऊन रोह्याला हजर झाली. अण्णांनी पिकोलो देवाच्या हातात बसवली. आरतीला आळीतल्या बाया जमल्या, तशी शेजारच्या अनितानं विचारलं, “एवढी झकास बासरी, इंदुबाई, वर्षभर ठेवता कुठं?”

नमिता सांगायला पुढे झाली, तोवर इंदुबाईंनी वात लावत उत्तर दिलं.

“ती मुंबईला कामाला असते. सनाला तेवढी येते घरी. ही पोर तिच्या सोबतीला असते.”