सोपानअण्णांचा गार कॉम्प्युटर

सोपानअण्णा कुणाच्याही घरी गेले, की आधी त्या घरातल्या फ्रीजच्या पाठीला हात लावतात. माणसांकडे नंतर बघतात. आजारी पोराच्या कपाळाला आई लावते तसा उलटा हात, डोळे मिटून. मग म्हणतात, "कणकण हाय याला."

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. तेवढ्यात त्यांनी आमचा फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला. "श्वास घेऊ द्या की त्याला," म्हणाले, चहा प्यायले आणि गेले. फ्रीज अजून तिथंच आहे. स्वयंपाकघरात वळताना माझं कोपर त्याला रोज लागतं, पण मागं ढकलायची हिंमत आमच्या घरात कुणाला नाही.

संगमनेरच्या बाहेर ओढ्याच्या अंगाला अण्णांचं आणि आमचं अशी दोन घरं एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. मधे एकच भिंत. अण्णांची सगळी नोकरी दुधाच्या चिलिंग सेंटरवर गेली. गावोगावचं दूध यायचं, ते गार करून टँकरमध्ये सोडायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाले, पण हात अजून ड्युटीवरच आहे. जगातल्या सगळ्या भानगडींचं कारण त्यांच्या मते एकच, वेळेवर गार केलं नाही. वरच्या आळीत दोन भाऊ बांधावरून भांडले, तर अण्णा म्हणाले, "सकाळीच गार केलं असतं तर नासलं नसतं." कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, तर म्हणाले, "लई येळ उन्हात ठेवलं."

एकदा मला ताप आला. आमचे हे मला दवाखान्यात न्यायला निघाले, तर अण्णांनी दारातूनच विचारलं, "मंदा, आतून तापलीय का बाहेरून?" ह्यांनी सांगितलं, "डॉक्टरला विचारून कळवतो."

अशा माणसाच्या घरात एक तापणारा कॉम्प्युटर आला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

तो त्यांच्या मुलाचा. मुलानं पुण्याला नवा घेतला आणि जुना बापाकडे आणून ठेवला. अण्णांना त्यातलं काही येत नाही. तो वापरणार त्यांची नात, तनू. मे महिन्याच्या सुट्टीत ती यायची. ती कॉम्प्युटरवर हलणारी चित्रं काढते. कोंबडी चालते, मांजर उडी मारते, असली. अण्णांची बायको गेल्यापासून त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज मे महिन्यातच ऐकू येतो. एरवी अण्णा आणि रेडिओ.

पण मागच्या मे महिन्यात फार वाईट झालं. पत्र्याचं घर, वर ऊन. तनूचं चित्र पुरं होत आलं की कॉम्प्युटर तापून फट्‌दिशी बंद पडायचा आणि सगळं जायचं. अण्णा शेजारी बसून पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत. पोरगी रडून रडून लाल झाली. चौथ्या दिवशी तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला. गाडीत बसताना ती म्हणाली, "आजोबा, हा नीट करा. मग मी अख्खा महिना राहीन."

ते वाक्य अण्णांनी धरून ठेवलं.

दिवाळी झाली आणि ते कामाला लागले. मुलानं फोनवर सांगितलं, आत एक पंखा बसवून घ्या. अण्णा चिडले. "वाऱ्यानं दूध गार व्हतं का? पाणी पायजे, पाणी!" कॉम्प्युटरच्या पोटात एक बारकी चौकोनी चिप असते, सगळा ताप तिचा, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. तिच्या डोक्यावर बसेल अशी तांब्याची डबी त्यांनी बाजारातल्या तांबटाकडून करून घेतली. डबीला दोन नळ्या. एकीतून गार पाणी आत, दुसरीतून तापलेलं बाहेर. बाहेर आलेलं पाणी गार करायला भंगारातून जीपचा रेडिएटर आणला. पाणी फिरवायला कूलरचा पंप. आणि पाणी ठेवायला दुसरं काय असणार? दुधाचा कॅन.

रेडिएटर मावेना म्हणून तो खिडकीत बसवला. रस्त्यावरून बघावं तर घरातून जीप बाहेर येतेय असं वाटायचं. आमचे हे म्हणाले, "अण्णा, आता चाकं लावा. कॉम्प्युटर स्वतःच पुण्याला जाऊन तनूला घेऊन येईल."

"हसा," अण्णा म्हणाले. "जास्ती हसणारा माणूस लवकर तापतो."

मग गळती सुरू झाली. कुठून तरी थेंब पडायचा, पण सापडायचा नाही. अण्णा चष्मा लावून नळीवरून बोट फिरवत बसायचे. कॉम्प्युटरवर थेंब पडला तर संपलंच. एक दिवस सकाळी दारात आले. "मंदा, लिटरभर दूध हाय का?"

मला वाटलं, पाहुणे आले असतील. तर म्हणाले, "पाणी लई चोरटं असतं. डेअरीत गळती झाली की लगेच दिसायची. दूध पांढरं ना!"

आणि त्यांनी ते दूध खरंच कॅनमध्ये ओतलं. नळ्या पांढऱ्या झाल्या, पंप गुडगुडला, आणि एका सांध्यावर मोत्यासारखा पांढरा थेंब उभा राहिला. अण्णांनी असा आवाज केला की मी घाबरून मागं सरले. सांधा आवळला. गळती थांबली. त्या आनंदात त्यांनी कॉम्प्युटरही चालू करून बघितला, तोही छान चालला. तेवढ्यात राजूरहून भाच्याचा फोन आला, आज साखरपुडा आहे, विसरलात की काय? अण्णा खरंच विसरले होते. टोपी घातली, दाराला कडी लावली आणि एस.टी. गाठली. सगळं चालू ठेवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, तर दारात मांजरं. आमच्या आळीत एवढी मांजरं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मी अण्णांच्या पाठोपाठ आत गेले. पंप कण्हत होता. नळ्यांमध्ये पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. अण्णांनी एक नळी उपसली, बोटावर घेतलं, वास घेतला आणि चक्क जिभेला लावलं.

"दही लागलंय," ते म्हणाले. "आंबट हाय जरा."

मी फारशी कुणाच्या घरात जाऊन बोलत नाही. पण त्या दिवशी पदराआडून माझ्या तोंडून गेलंच, "अण्णा, कढी करू का?"

अण्णांनी हातातली नळी खाली टाकली. मग इतके हसले की त्यांना कॅनवर बसावं लागलं.

पुढचे काही दिवस धुलाई चालली. डेअरीतल्यासारखी, सोड्याच्या गरम पाण्यानं, आधी आतून मग बाहेरून. नळ्या वाळत घातल्या त्या माझ्या दोरीवर, माझ्या साड्यांच्या मधे. येणारेजाणारे विचारायचे, घरात कुणाला सलाईन लावलंय का?

गुढीपाडव्याला मात्र कॉम्प्युटर सुरू झाला, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एकदाही बंद पडला नाही. अण्णांनी सगळ्या आळीला हात लावायला बोलावलं. "लाव हात. भिऊ नको. लाव!" बायका हळदीकुंकवाला याव्यात तशा येऊन हात लावून गेल्या. नंतरही ते तो रोज दिवसभर चालू ठेवायचे. भिंतीपलीकडून मला गुडगुड ऐकू यायची आणि मधेच अण्णांचा आवाज यायचा, "शाब्बास!" तनूसाठी नवी उशी आणली. खुर्ची उंच पडते म्हणून पाय कापून घेतले, मग बुटकी झाली म्हणून खाली विटा ठेवल्या. भाजीवाल्यापासून वायरमनपर्यंत सगळ्यांना कळलं, यंदा तनू अख्खा महिना आहे.

मे लागला. एका दुपारी मी आमरसाची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. अण्णा फोनवर बोलत होते. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"...दहावीचं आहे ना आजोबा. बाबांनी आत्ताच क्लास लावला. सुट्टीच नाही." तनूचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुम्ही चिडलात?"

"छ्या! चिडायला काय झालं?"

"कॉम्प्युटर झाला का हो तुमचा?"

अण्णांनी कॉम्प्युटरकडे बघितलं. तो चालू होता. पंपाची गुडगुड घरभर होती. अण्णा उठले, खाटेवरची गोधडी ओढली आणि पंपावर टाकली. तरी आवाज येतोय म्हणून तिच्यावर गुडघा टेकून बसले.

"कुठलं गं! लई गळतंय. चालूच व्हत न्हाई. तू आली असती तर उगं हिरमुसली असती."

"खरंच? का मला बरं वाटावं म्हणून सांगताय? कोण आहे तिथं?"

"मंदाकाकू हाय."

"काकू, खरं सांगा. झाला नाही?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही गं बाई. आत्ताच सगळी फरशी पुसली मी. नुसतं तळं झालं होतं."

पलीकडून पोरीनं मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे. मला वाटलं, तुम्ही सगळं तयार करून बसला असाल."

"न्हाई न्हाई," अण्णा म्हणाले. "तू आभ्यास कर."

फोन बंद झाला. मी वाटी खुर्चीवर ठेवली, त्या विटा लावलेल्या. अण्णा गोधडीवरून उठले नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं, "दहावीची परीक्षा मार्चात संपती ना?"

"हो," मी म्हटलं. "मार्चमध्ये."

"मंग लई टायम हाय दुरुस्तीला," म्हणून त्यांनी कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, पान्हा घेतला, आणि कुठंच न गळणारा सांधा सोडवायला बसले.