बायकोच्या पतंगासाठी निर्धोक जागा

जागा निवडावी तर मीच! रंगाच्या कारखान्यात अकरा वर्षं सुरक्षा अधिकारी आहे मी. माझ्या हद्दीत आजवर कुणाचं बोटसुद्धा चेपलेलं नाही. त्यामुळे बायकोच्या परीक्षेआधी तिचे सर म्हणाले, "पतंग कुठून उडवायचा ती जागा तुमची तुम्ही शोधा, त्यालाही गुण आहेत," तेव्हा मी छाती पुढे काढली. "ते माझ्याकडे लागलं!"

"अहो, परीक्षा माझी आहे," बायको म्हणाली.

"आणि अनुभव कुणाचा आहे?"

हा पतंग म्हणजे पोरांचा कागदी पतंग नव्हे, बरं का! आमच्या बैठकीच्या खोलीएवढं कापड, त्याला वीस-वीस मीटरच्या दोऱ्या आणि त्या बायकोच्या कमरेला. वारा भरला की तो तिला फळीवर उभी करून पाण्यावरून ओढत नेणार. सहा महिने ती हे शिकत होती, रुग्णालयातल्या पाळ्या बदलून घेऊन, गुडघे फोडून घेऊन. शनिवारी पास झाली तर एकटीने उडवायची परवानगी. नाही तर पुढची परीक्षा थेट वर्षाने.

नियम सोपा. वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला शंभर मीटरपर्यंत झाड, खांब, तार, माणूस, काही म्हणजे काही नको! शुक्रवारी मी टेप घेऊन अख्खा किनारा पालथा घातला आणि जागा शोधली. नुसती सपाट वाळू!

शनिवारी दुपारी तिथे कारखान्यातले छत्तीस नारिंगी शंकू मांडले, भोवती पिवळी-काळी पट्टी ओढली आणि वारा वाहतो त्या बाजूला वीसेक पावलांवर लोखंडी नळीवर पत्र्याची पाटी ठोकली : 'धोका! पुढे येऊ नये.'

घडीची खुर्ची उघडत सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, इथे चिटपाखरू नाही. मग पाटी कुणासाठी?"

"आई, सुरक्षिततेचं एक शास्त्र असतं. तुम्ही बसा."

दहा मिनिटांत एक गृहस्थ आले. "काय सापडलंय हो?"

"काही नाही. पुढे चला."

"काही नाही, तर एवढी पट्टी कशाला?"

"काही होऊ नये म्हणून!"

"म्हणजे होणार आहे!" असं म्हणून त्यांनी फोन काढला आणि सगळं घर बोलावून घेतलं.

अर्ध्या तासात पट्टीला रेलून दीडशे माणसं! कुणी म्हणे देवमासा, कुणी म्हणे जुना बॉम्ब. एक आजोबा म्हणाले, "आपल्याला कळूच देत नाहीत, हे नेहमीचंच आहे." माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "अहो, इथे माणसं नसतात म्हणून ही जागा निवडलीय!" तर टाळ्या पडल्या! एका बाईंनी लेकराला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून.

सर सारखे घड्याळ बघत होते. चारनंतर वारा पडतो.

"अहो, ती पट्टी काढा," बायको दातओठ खात म्हणाली.

"काढली तर लोक आत घुसतील!"

"काढा म्हणते ना!"

काढली. शंकू एकात एक घालून गाडीत टाकले. आणि बघण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत सगळे पांगले! आजोबा तेवढे "दडपलं शेवटी" असं पुटपुटत गेले.

पाटी मात्र हलेना. खोल ठोकली होती, माझं काम कच्चं नसतं! म्हटलं, राहू दे. एक पाटी काय करणार आहे?

मी पतंग धरला. दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाहून बायकोने विचारलं, "वारा जातो ती बाजू मोकळी?"

"शंभर मीटर! स्वतः मोजलीय!"

तिने अंगठा दाखवला, मी पतंग सोडला. तो झकास वर चढला, आणि तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की एकदम कलंडून वाळू घासत सुटला. अख्ख्या किनाऱ्यावर आपटण्यासारखी एकच वस्तू होती. टर्रर्र! पत्र्याच्या कोपऱ्याने पतंग मधोमध फाडला, फडफडत तो पुन्हा उसळला आणि बायको पाच पावलं फरफटत गेली. मी धावत सुटलो! पण तिने कमरेवरची सुटकेची कळ खेचली, दोऱ्या सैल पडल्या आणि ती मटकन खाली बसली. खरचटलंसुद्धा नाही.

आणि मग चारी दिशांनी ते दीडशेजण परत आले! आजोबा सगळ्यांत पुढे. पाटी वाचून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

सरांनी शांतपणे कागद भरला. संकटातून सुटका : उत्तम. पास! जागेच्या रकान्यात मात्र लिहिलं : 'उत्तम होती. पाटी लावेपर्यंत.'

आता बायको दर शनिवारी जाते. पतंग धरायला सासूबाई असतात. जागा बघायची यादी तीच, झाड, खांब, तार, माणूस. फक्त शेवटी तिने एक शब्द वाढवलाय : नवरा.

म्हणून हे घरी बसून लिहितोय.