विसपुते काका आणि गुरुजींचं घड्याळ

नाशिकला रविवार कारंजाच्या आसपास कोणी वारलं, की चौदाव्या दिवशी त्या घरी एक माणूस हमखास जायचा. पांढरा लेंगा, काळी टोपी, चेहरा खरोखरच दुःखी. थोडा वेळ मान खाली घालून बसायचा आणि मग हळूच विचारायचा, "भाऊंचं एखादं बंद घड्याळ आहे का हो घरात?"

हे विसपुते काका. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. सायखेड्याहून कॉलेजसाठी आलेला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शहरात कोणाशी काय बोलावं ते मला कळत नसे. काकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. नाव विचारायच्या आधीच त्यांनी मला "कॉलेज" करून टाकलं. "काय कॉलेज, आज प्रोफेसर आजारी का?"

जुन्या चावीच्या घड्याळांचे भाग तेव्हा बाजारात मिळेनासे झाले होते. सेलवरची घड्याळं आली होती. "त्यात दुरुस्त काय करायचं? सेल बदलायचा. ते तर पानवालाही करील," काका म्हणत. म्हणून ते बंद पडलेल्या घड्याळांतून भाग काढत आणि औषधाच्या रिकाम्या डब्यांत ठेवत. डबीवर मूळ मालकाचं नाव. 'कै. देवरे वकील, कमान.' 'कै. शहाणे तात्या, काटे.' घड्याळ परत देताना गिऱ्हाइकाला बजावत, "यात वकिलांची कमान आहे. चावी जास्त पिळू नका. वकील लवकर तापायचे." एका बाईंनी हे ऐकलं आणि घड्याळ तिथेच ठेवून त्या निघून गेल्या. काकांना खरंच नवल वाटलं. "अरे, किती सभ्य माणसाचे काटे घातले होते!"

कोणाचंही घड्याळ काका आठवड्याभरात चालू करून देत. फक्त दिंडोरीच्या गुरुजींचं तीन वर्षं पडून होतं.

गुरुजी निवृत्त शिक्षक. दर बुधवारी बाजाराला नाशिकला येत आणि पिशवी खाली ठेवण्याआधी विचारत, "मिळाली का दांडी?" बॅलन्सच्या चाकाची दांडी, सुईच्या टोकाएवढी वस्तू.

"कुठली मिळते! परदेशी माल, गुरुजी. शोध चालू आहे."

मग चहा यायचा आणि वाद सुरू व्हायचा. मोठ्या पुरात गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं होतं की गळ्याला? गुरुजी छाती म्हणत, काका गळा. तीन वर्षांत पाणी बोटभरही सरकलं नाही.

"तुम्ही दिंडोरीत बसून पूर पाहिलात काय?"

"आणि तुम्ही भिंगातून पाहिलात, म्हणून गळा दिसला!"

मला वाटायचं, या माणसांसाठी आपण काहीतरी करावं. काकांनी त्या दांडीचं माप एका चिठ्ठीवर लिहून गुरुजींना दिलं होतं. ते मी उतरवून घेतलं. बँकेच्या परीक्षेसाठी मुंबईला गेलो तेव्हा पेपर संपल्यावर जुन्या बाजारात चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानात दांडी मिळाली. परीक्षेपेक्षा मला त्याचाच आनंद जास्त झाला.

परतलो तो बुधवार. दोघंही दुकानात होते. मी दारातूनच ओरडलो, "काका, मिळाली!"

काकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. गुरुजींनी मात्र माझी पाठ थोपटली. "वा रे पठ्ठ्या! तीन वर्षं यांना जमलं नाही."

काकांनी भिंग लावलं आणि ती दांडी फार वेळ पाहिली. "हीच," ते म्हणाले. चिमटा घ्यायला त्यांनी खण उघडला. मी शेजारीच उभा होतो. आत एक डबी होती, वर लिहिलेलं 'गुरुजी'. झाकण काचेचं होतं. आत तशाच दोन दांड्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खण लावून घेतला. तासाभरात घड्याळ चालू झालं. गुरुजींनी ते कानाला लावलं, लहान मुलासारखे हसले आणि पिशवी उचलून गेले.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. काका दुपारी उगाच रस्त्यावर येऊन उभे राहत. दुकानावरच्या घरात ते एकटेच असत. तिथून कधी कोणाचा आवाज आल्याचं मला आठवत नाही.

महिन्याने गुरुजी मला एसटी स्टँडवर भेटले. मनगटाकडे बघत घाईने दिंडोरीच्या गाडीत चढत होते. "आता एकची गाडी चुकत नाही बघ," ते खिडकीतून म्हणाले. "विसपुत्यांकडे बसलं की हटकून चुकायची. त्यांना सांग, घड्याळ उत्तम चालतंय."

मी निरोप सांगितला.

"उत्तम," काका म्हणाले. चिमट्याने टेबलावरच्या रिकाम्या काचेवर काहीतरी उचलल्यासारखं केलं. "उत्तम."

"काका, मी ती आणायला नको होती."

"वेडा आहेस. घड्याळ चालू करणं हाच तर आपला धंदा." मग त्यांनी हात पुढे केला. "तुझं काढ बघू."

वडिलांनी अकरावीला घेऊन दिलेलं माझं चावीचं घड्याळ दिवसाला मिनिटभरही मागे पडत नव्हतं. काकांनी ते उघडलं, आत पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाग बदलावा लागेल. मिळणं कठीण आहे."

"ठेवून घ्या," मी म्हणालो. "मी येऊन विचारत जाईन."