बाबारावांनी भरवलेली ग्रामसभा

बाबारावांनी यंदा ग्रामपंचायतीवर निवडून यायचंच ठरवलं होतं. मागच्या खेपेला नऊ मतांनी पडले, ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. यंदा कापसाला भाव नव्हता आणि गाव सरकारी घरकुलाकडे डोळे लावून बसलं होतं. बाबाराव रोज एकेका घरी जायचे, चहा प्यायचे आणि हळूच सांगायचे, "तुमचं नाव म्या टाकलं यादीत. पण कोणाले सांगू नका, लोकं जळतात." अशी चौसष्ट घरं झाली. एकानंही ब्र काढला नाही!

तेवढ्यात ग्रामसेवक सदाशिवरावांनी विघ्न आणलं. "वरून आदेश आलाय. ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचायची."

"नावं किती?"

"अकरा."

बाबारावांना घाम फुटला. पण हटतील ते बाबाराव कसले! कोरम भरला नाही की सभा तहकूब, तोवर निवडणूक उरकते. त्यांनी सभेच्या दिवशी ढाणकीच्या बाजाराला जायला दोन जीपा फुकट लावल्या.

जीपा रिकाम्याच उभ्या.

"मानीबाई, बसा ना! पैसे नाही लागत."

"वा जी! आज माहं नाव वाचून राह्यले, अन् मी बाजारात कायले जाऊ?" मग कानाशी येऊन, "म्या कोणाले सांगतलं नाही हं."

फुलसिंगही तेच म्हणाला. रुखमाबाई तर सुना-नातवंडं घेऊन निघाल्या. दहा वर्षांत पहिल्यांदा कोरम भरला, माणसं पंचायतीच्या ओट्यावर मावेनात, खाली उभी राहिली.

अकरा नावं वाचून झाली. त्यात फुलसिंगचं होतं, मानीबाईचं नव्हतं. बाबाराव उठलेच, "पाहा! फुलसिंगचं म्या टाकलं!"

"कोणी टाकत नसतं," सदाशिवराव म्हणाले. "तीन वर्षांपूर्वीच्या सर्वेच्या गुणांवरून नावं आलीत."

सगळ्या माना बाबारावांकडे वळल्या. मानीबाई कमरेला पदर खोचून उठली. तिला रडू येत होतं, पण आवाज खणखणीत होता. "कोरम भरलाच हाय, तं ठराव घ्या. सगळ्या याद्या ऑइल पेंटनं भिंतीवर लिहा. मंग कोण घरोघरी चहा पिते, पाहतो!"

"भिंत कोणाची घ्यायची?" सदाशिवरावांनी विचारलं.

"आमची घ्या," मागून आवाज आला. "चौकातच हाय. अन् घर माह्या नावानं हाय." बाबारावांच्या सौभाग्यवती वच्छलाबाई!

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. बाबाराव स्वतः शिडी धरून उभे राहिले. निवडून तर यायचंच होतं. अकरावं नाव पुरं झालं तसे ते हळूच म्हणाले, "खाली माहं टाक बारीक अक्षरात. सौजन्य म्हणून."

पेंटरनं खिशातली ठरावाची प्रत काढली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"तुमचं नाव नाही न भाऊ यात."