बंद करू नये

नव्या मॅनेजरांच्या खोलीत टेबलासमोरच्या भिंतीवर एक जुनं काळं बटण होतं आणि त्याखाली चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘हे बटण बंद करू नये.’ का करू नये, केलं तर काय होतं, याबद्दल एक अक्षर नाही. असं अर्धवट लिहून ठेवणं हा खरं तर गुन्हाच म्हणायला हवा. निदान या गृहस्थांच्या बाबतीत तरी. आत कोण टिकटिक करतं ते बघायला यांनी लहानपणी घरातलं घड्याळ उघडलं होतं, ते अजून जोडून व्हायचंय.

इमारत चार मजल्यांची. बिऱ्हाडं सोळा आणि सगळ्यांत वर स्वतः मालकीणबाई. जिन्याच्या तोंडाशी तक्रारीची बेल होती. ती दाबली की बाई वर कठड्याशी यायच्या, "काय आहे?" असं ओरडायच्या आणि तक्रार ऐकून घ्यायच्या. निम्म्या तक्रारी त्या तिथल्या तिथे झापून परत पाठवत. उरलेल्या मॅनेजरकडे येत. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हा कार्यक्रम चाले.

"सात दिवस तुमचं काम बघीन," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "सातव्या दिवशी पाच वाजता सांगीन, राहायचं की जायचं."

राहायचं म्हटलं तर नोकरी, शिवाय तळमजल्यावरच्या दोन खोल्या. जायचं म्हटलं तर पुन्हा मेहुण्याच्या घरातली बाहेरची खोली. मेहुणा माणूस चांगला होता, पण रोज जेवताना "मग, काही जमतंय का?" असं इतक्या प्रेमाने विचारायचा की घास घशाखाली उतरत नसे. बायकोने तर या दोन खोल्यांच्या खिडक्या मापून पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. रोज सकाळी ती दारात उभी राहून सांगायची, "अहो, बघा, विचारा, काय वाट्टेल ते करा, पण तिथं कशालाही हात लावू नका. हात खिशात!"

सहा दिवस हात खिशात राहिले. सातव्या दिवशी अकराच्या सुमाराला सगळी कामं उरकली, खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि बटण समोरच होतं.

‘नुसतं एकदा,’ मॅनेजरांनी स्वतःची समजूत घातली. ‘वर आणि लगेच खाली. कुणाला कळणारसुद्धा नाही.’

टक्.

त्यांनी कान टवकारले. डोक्यावरचा पंखा फिरत होता. लिफ्ट कुरकुरत वर चालली होती. पाण्याचा पंपही चालू होता. काहीच बंद पडलं नव्हतं. त्यांचा चक्क हिरमोड झाला. मग बटण पुन्हा खाली करायला गेले, तर त्याची खुंटीच तुटून हातात आली.

तोंडचं पाणी पळालं. त्यांनी वायरमनला फोन लावला.

"काय बंद पडलंय?" वायरमनने विचारलं.

"तेच कळत नाहीये."

"मग पडलंय हे कशावरून?"

"मी बंद केलंय ना!"

मग वायरमन, एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मी पाचला येतो. तोवर काय बंद केलंय ते शोधून ठेवा."

मग त्यांनी जुन्या मॅनेजरांना फोन केला. ते नोकरी सोडून लेकाकडे राहायला गेले होते.

"ते बटण?" जुने मॅनेजर खो खो हसले. "अहो, ते चालू होतं म्हणून तर मी चौदा वर्षं सुखात काढली!"

"पण ते आहे कशाचं?"

"चालू ठेवा म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता दारोदार फिरण्यावाचून इलाज नव्हता. मॅनेजरांनी वही घेतली आणि पहिल्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाईंचं दार वाजवलं.

"तुमच्याकडे काही बंद पडलंय का?"

बाई थक्कच झाल्या. "अगंबाई! इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं हो! मागच्या खोलीतला पंखा बंद आहे."

"अकरापासून?"

"दोन वर्षांपासून."

तो या बटणाचा नव्हता. पण विचारल्यावर तसंच निघून कसं जायचं? मॅनेजरांनी स्टुलावर चढून पाहिलं, एक वायर निसटली होती, ती बसवली. पंखा फिरला. बाई आनंदाने शेजारणीकडे धावल्या, "अहो, बंद पडलेलं सगळं दुरुस्त करतायत!"

झालं! दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत दारं आपोआप उघडली जात होती. हेडमास्तरांचा गीझर बंद. दाताच्या डॉक्टरांची मोरी तुंबलेली, ती बंदमध्ये धरायची की नाही यावर जिन्यातच वाद झाला. तिसऱ्या मजल्यावर एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे ह्यांचं माझ्याशी बोलणं बंद आहे. परवापासून."

"तिलाच विचारा का ते!" आतून काका गरजले.

"हं, झालं सुरू," असं म्हणत मॅनेजर पुढे सरकले.

चार वाजेपर्यंत वहीत एकतीस बंद गोष्टी जमल्या, पण अकरा वाजता बंद पडलेली एकही नव्हती. साडेचारला मॅनेजर खाली आले, तर मागोमाग निम्मी इमारत. ज्यांचं काम झालं नव्हतं ते चिडलेले, आणि ज्यांचं झालं होतं त्यांना आणखी कामं आठवलेली.

"वरची बेल दाबून दाबून बोट दुखलं माझं," हेडमास्तर म्हणाले, "पण बाई काही बाहेर येत नाहीत!"

"रागावल्या असतील," गाण्याच्या बाई हळहळल्या. "यांच्याबद्दल काहीतरी कानावर गेलं असणार."

मॅनेजरांना मेहुण्याचं जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर दिसायला लागलं. बायकोला काय सांगायचं, पडद्यांचं काय करायचं? हसते खेळते सहा दिवस एका बोटापायी मातीत घातले होते. ते खरोखर रडायच्या बेताला आले.

बरोबर पाचला मालकीणबाई जिना उतरून आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"आज अकरापासून बेल वाजली नाही," बाई म्हणाल्या. "का?"

मॅनेजरांनी खिशातून खुंटी काढून पुढे केली. मग खोलीतलं बटण दाखवलं, चिठ्ठीसकट. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"हे अक्षर त्या मेल्या जुन्या मॅनेजरचं," त्या सावकाश म्हणाल्या. "मी चौदा वर्षं त्याला विचारत होते, ‘ही बेल बंद करायची काही सोय नाही का?’ तर मला म्हणायचा, ‘बाई, त्या बेलला बटणच नाही!’"

हेडमास्तरांनी आपलं दुखरं बोट हळूच पाठीमागे लपवलं.

"चौदा वर्षांत आज पहिल्यांदा मला दुपारची झोप लागली," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चक्क भरून आला. "मॅनेजर, तुम्ही राहताय. आजच सामान आणा."

मॅनेजरांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वायरमन हत्यारांची पिशवी घेऊन दारात आला. "सापडलं का, काय बंद होतं ते?"

"सापडलं," बाई म्हणाल्या. "नवं बटण बसवा. आणि माझ्या घरातली बेल काढून इथं, यांच्या खोलीत लावा."

अंधार पडायच्या आत सामान आलं, पडदे लागले. ते अगदी मापात बसले होते. पण तेवढ्या वेळात मॅनेजर एकदा गीझरसाठी, दोनदा मोरीसाठी आणि एकदा काका-काकूंच्या मध्ये पडण्यासाठी उठून गेले. भिंतीवर नवं कोरं बटण चमकत होतं आणि त्याखाली मालकीणबाईंच्या हातची नवी चिठ्ठी होती, ‘हे बटण बंद करू नये.’

पाचव्यांदा बेल वाजली. मॅनेजर उसासा टाकून चपला शोधायला लागले. पडद्याची चूण सारखी करता करता बायको भिंतीपाशी गेली, चिठ्ठी वाचली आणि एक बोट अलगद बटणावर ठेवलं.

"अहो," तिने विचारलं, "हे नुसतं एकदा बंद केलं तर काय होतं?"