सर्व कॅमेरे समाधानकारक

बोईसर स्टेशनाकडून तारापूरच्या रस्त्याला लागलं, की भाग्येश सावेचं कॅमेऱ्यांचं दुकान लागतं. वसाहतीतले कारखाने, पालघरच्या सोसायट्या, किनाऱ्यावरच्या मच्छीमार संस्था, सगळ्यांच्या भिंतींवर त्याने कॅमेरे ठोकले होते. कॅमेऱ्याचा एक स्वभाव असतो. बंद पडला की तो कोणाला सांगत नाही. मग चोरी होते, मंडळी पडद्यासमोर जमतात, पडदा काळा निघतो, आणि चोर राहतो बाजूला, शिव्या भाग्येशला बसतात.

भाग्येश मनाने सरळ. त्याने ठरवलं, दुकानात बसल्या जागी सगळ्या ग्राहकांच्या कॅमेऱ्यांची नाडी कळेल असं सॉफ्टवेअर घ्यायचं. कॅमेरा बंद पडला की इथे लाल दिवा, आणि ग्राहकाला आपोआप निरोप. एक नावाजलेलं सॉफ्टवेअर त्याने चाचणीसाठी जोडलं. दुकान सांभाळणाऱ्या वैभवीने पडदा सुरू केला आणि म्हणाली, "सर, गोवर उठल्यासारखं दिसतंय."

पहिला फोन पालघरच्या एका सोसायटीच्या सचिवांचा, मनीष चुरींचा आला.

"आमच्या गेटचा कॅमेरा बंद आहे, असा तुमचा निरोप आलाय."

"हो साहेब, आजच माणूस पाठवतो."

"माणूस नको. कॅमेरा गणपतीपासून बंद आहे, ते मला ठाऊक आहे. पण तुम्ही लेखी कशाला कळवलंत? कालपर्यंत मी कागदोपत्री अनभिज्ञ होतो. आजपासून बेजबाबदार ठरतो!"

दुसरा फोन एका रसायन कारखान्याच्या चिरागशेठचा. "भाग्येशभाई, मागच्या नाल्याकडचा आपला कॅमेरा संध्याकाळी थोडा आराम करतो. तुमचं यंत्र रोज बोंब मारतं, आणि तो निरोप थेट आमच्या मुख्य कचेरीत जातो."

"शेठ, या सॉफ्टवेअरमध्ये आरामाची सोय नाही."

"मग सोय असलेलं घ्या. नाहीतर आम्ही कॅमेरेवाला दुसरा घेतो."

असे फोन वाढत गेले, तेव्हा ग्राहकांनीच पुढाकार घेऊन निवड समिती नेमली. चुरी अध्यक्ष झाले. समितीने चहाबरोबर निकष ठरवले. सॉफ्टवेअर सभ्य असावं. त्याने ग्राहकाला अकारण माहिती देऊ नये. 'बंद' हा शब्द नकारात्मक असल्याने टाळावा. लाल रंगाने सदस्यांत घबराट पसरते, सबब तो वगळावा.

असं सॉफ्टवेअर जगात नसेल, अशी भाग्येशला आशा होती. पण प्रणव नावाचा एक टाय लावलेला विक्रेता ते घेऊन हजर झाला. त्यात तीन रंग होते: हिरवा, फिकट हिरवा आणि विचाराधीन हिरवा. शिवाय दर सोमवारी प्रत्येक ग्राहकाला शिक्क्यासह प्रमाणपत्र, 'सर्व कॅमेरे समाधानकारक, संशयास्पद हालचाल नाही'.

"आणि कॅमेरा खरंच बंद पडला तर?" भाग्येशने विचारलं.

"सर," प्रणव समजुतीने म्हणाला, "तुम्ही अजून कॅमेऱ्याचाच विचार करताय. ग्राहकाचा करा."

समितीने टाळ्या वाजवल्या. भाग्येशने सही केली, कारण सही न करता दुकान चालवण्याचा मार्ग त्याला सुचेना. आपण स्वतः फिरून कॅमेरे तपासत जाऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. काही दिवस फिरलाही. मग फिरायचं थांबला. पडद्यावर सगळं हिरवंगार असताना पेट्रोल कशाला जाळायचं?

एकदा वैभवी म्हणाली, "सर, मुरब्याच्या बंदरावरचा कॅमेरा खांबासकट समुद्रात गेला म्हणे. इथे हिरवा दिसतोय."

"फिकट की गडद?"

"गडद, सर."

"मग राहू दे."

आणि त्याच बंदरावरून सोजराबाईचं जाळं चोरीला गेलं. नवऱ्यामागे तिने होडी चालू ठेवली होती, आणि नवं जाळं घ्यायची तिची ऐपत नव्हती. ती चौकीत गेली. हवालदाराने चित्रण मागितलं नाही, मच्छीमार संस्थेकडून प्रमाणपत्र मागवलं. ते वाचून त्याने भाग्येशला बोलावून घेतलं.

"यात लिहिलंय, कॅमेरा चालू होता आणि संशयास्पद हालचाल आढळली नाही," हवालदार म्हणाला. "म्हणजे चोरी झालेली नाही. बाई, खोटी तक्रार हा गुन्हा असतो."

"आरं, पन माजं जाळं नाय ना जाग्यावर!"

"ते तुमचं म्हणणं. हे प्रमाणपत्र आहे. काय सावे, बरोबर आहे ना हे?"

एक प्रमाणपत्र खोटं म्हणावं, तर सगळीच खोटी ठरणार. त्याच्या डोळ्यांपुढे चुरी आले, चिरागशेठ आले, दुकानाची पाटी आली.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

सोजराबाई पदर खोचून म्हणाली, "मंग बाबा, तुज्या कागदात जाळं हाय, तर कागदातलंच काडून दे. आमी तेच टाकतो दर्यात."

हवालदार हसला. भाग्येशही हसला, आणि त्या हसण्याची त्याला घरी जाईपर्यंत शिसारी येत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने सॉफ्टवेअर काढून टाकायचा ठराव समितीपुढे ठेवला.

समितीने तो एकमताने फेटाळला. खुद्द मुरब्याच्या मच्छीमार संस्थेचे चेअरमनही विरोधात गेले. हे सॉफ्टवेअर आल्यापासून बंदरावर एकाही चोरीची नोंद नाही, आणि असा लौकिक एका म्हातारीच्या जाळ्यापायी घालवणं त्यांना परवडणारं नव्हतं. सोजराबाईची होडी वाळूवर उलटी पडली, आणि ती दुसऱ्यांच्या ओट्यावर मासे निवडायला जाऊ लागली.

हे वाचून तुम्हांला तिच्याबद्दल हळहळ वाटली असेल, तर ते तुमच्या सज्जनपणाला शोभेसंच आहे. मात्र एक करा. आत्ता उठा, जिना उतरा आणि तुमच्या इमारतीच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते वॉचमनला दाखवायला सांगा. नाही ना उठत? चुरीसाहेबांना हीच खात्री होती.