पेजेतलं प्रोटीन

बदलापुरात कात्रपला आमच्या आईशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. पण मी जिंकणार होतो! अंबरनाथच्या केमिकल कंपनीतला केमिस्ट होतो मी, काय समजलात?

झालं असं की, माझी बायको उमा टायफॉइडमधून उठली ती पार वाळून. दोन जिने चढली की भिंतीला टेकायची. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन कमी पडतंय. अंडी द्या."

आई म्हणाली, "या घरात अंडं शिजणार नाही."

"अगं आई, ताकद असते त्यात!"

"कोणी मोजलीय?"

"मी मोजतो!" मी गरजलो.

शेजारच्या द्रौपदीवहिनींनी अंडं दिलं, वर मूठभर सुकट दिली. घरातले मूग आणि शेंगदाणे घेतले. कंपनीच्या लॅबमध्ये तपासायला घेऊन निघताना आईनं तांदळाची पेज पुढे केली. "हिचीही मोज. तुला हिच्यावरच वाढवलंय."

तांदळाच्या पाण्यात कसलं आलंय डोंबलाचं प्रोटीन! पण आईला नाही म्हणायची माझी छाती नाही. बाल्कनीतली एक बाटली उचलली. तळाशी थोडं पांढरं दिसलं. म्हटलं मीठ असेल, पेजेला चालतंच. ओतली पेज!

संध्याकाळी निकाल घेऊन आलो तो तोंड पाडून.

"वाच की!" आई म्हणाली. द्रौपदीवहिनी दारात उभ्याच होत्या.

"सुकट पहिली."

"बघा!" वहिनी खूश.

"दुसरी... पेज."

"काय!"

"मग शेंगदाणे, मूग आणि... अंडं तळाला."

अंड्यात पाऊण भाग पाणीच असतं, हे मी केमिस्ट असून विसरलो होतो! आणि पेजेचा आकडा पुन्हा पुन्हा तपासला तरी तोच!

"आजपासून उमाला दोन्ही वेळ पेज," आईनं जाहीर केलं. उमानं मान खाली घातली. मजल्यावरच्या बायका पेजेची कृती विचारायला आल्या. चार मिशीवाले पुरुषही आले!

आणि काय सांगू, महिनाभरात उमाच्या गालांवर रंग आला हो! भरलेला गॅस सिलिंडर एकटीनं ओढत आत नेला तिनं! मी कंपनीत छाती फुगवून सांगत सुटलो, "अंडी सोडा, पेज प्या!"

मग एका रविवारी गुलाबांना खत घालायला बाल्कनीत गेलो. युरियाची बाटली उचलली, तर ती रिकामी, धुतलेली. पेज नेलेली तीच बाटली! आमच्या पद्धतीत पदार्थातला नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीन काढतात. युरियात तर तो ठासून भरलेला! मी पेजेचं नव्हे, खताचं प्रोटीन मोजलं होतं. म्हणजे आजारातून उठलेल्या बायकोला महिनाभर नुसत्या पाण्यावर ठेवलं मी!

धावत स्वयंपाकघरात गेलो. "आई, पेज बंद कर! माझं चुकलं! उमाला काही झालं असतं तर..."

आई शांतपणे भाजी चिरत होती. "तिला काय होतंय? रोज दोन अंडी खाते ती."

"कुठे?"

"द्रौपदीकडे, दुपारी. मीच सांगितलं तिला उकडायला. माझ्या भांड्यांत नको, एवढंच. समोर बसून संपवायला लावते मी. पहिल्या दिवशी उमा नको नको म्हणत होती, दिला एक दम!"

कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य करणारी ही बाई, शेजारी पाटावर बसून सुनेला अंडी भरवत होती! वाटलं, तिथेच पाय धरावेत.

"मग माझ्या आकड्यांवर एवढी नाचलीस कशाला?"

"किती खुशीत होतास रे! म्हटलं, असू दे."

"पण मग उमा दोन वेळची पेजही प्यायची?"

दारात आलेली उमा पदर तोंडाला लावून हसायला लागली. "छे! ती जायची तुमच्या आमटीत! हल्ली आमटी काय दाट होते म्हणून वाटीवर वाटी कोण मागत होतं?"

आता खोटं कशाला बोलू? आमटी खरंच फक्कड व्हायची!